सात नंबरची रिकामी खुर्ची

"हा घ्या माझा राजीनामा!" असं गरजून बंकटनं कागद टेबलावर आपटला, तेव्हा त्याची अपेक्षा साधी होती. दोघंतिघं उठतील, त्याचा दंड धरतील, "बंकटराव, असं टोकाला जाऊ नका" म्हणतील. मग तो आढेवेढे घेईल आणि शेवटी नगराध्यक्ष सुंदरराव सात नंबरच्या वॉर्डाला रोजचा टँकर जाहीर करतील. प्रत्यक्षात कोणी उठलं नाही. हिंगणटाकळी नगरपंचायतीच्या सभागृहातला पंखा तेवढा कुरकुरला. चार सदस्य मोबाइलमध्ये मान घालून बसले होते, एक जण तोंड उघडं टाकून झोपला होता. सुंदररावांनी कागदाकडं एकदा बघितलं आणि हेडक्लार्कला म्हटलं, "बिभीषण, पुढचा विषय."

बंकट पाय आपटत बाहेर आला. मागून कोणी हाक मारील म्हणून दारात घुटमळला. चपला घालायला नेहमीपेक्षा बराच वेळ लावला. डावी उजवीकडं घालून पाहिली, पुन्हा काढली. तरी कोणी आलं नाही, तेव्हा नाइलाजानं घरी गेला.

जनावरांच्या छावण्या पडल्या त्या सालची ही गोष्ट. पोळ्यानंतर पावसानं जे तोंड काळं केलं, ते पुन्हा दाखवलंच नाही. संक्रांतीपर्यंत बोअर आटले, जनावरं छावणीला गेली आणि गावात माणसं आणि घागरी तेवढ्या उरल्या. बंकटचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. जळालेल्या पाण्याच्या मोटारीत नवी तार भरून द्यायची, हा धंदा. पण मोटार जळायला आधी ती चालावी लागते आणि चालायला खाली पाणी असावं लागतं. चार महिन्यांत त्याच्याकडं एकच मोटार आली होती, तीही पिठाच्या गिरणीची. त्यामुळं गावात ज्याच्यावरून बंकटला कोणी ओळखावं असं आता एकच काम उरलं होतं, ते म्हणजे सात नंबरचा सदस्य असणं. आणि त्या कामाचं स्वरूप असं, की रोज सकाळी वॉर्डातल्या बायका रिकाम्या घागरी घेऊन त्याच्या ओट्यावर बसायच्या आणि त्याच्या सात पिढ्यांची चौकशी करायच्या. टँकर नऊ दिवसांतून एकदा यायचा, बायका रोज यायच्या.

राजीनामा द्यायचा त्याचा बिलकूल विचार नव्हता. नुसता दाखवायचा होता. सतरा जणांच्या नगरपंचायतीत सुंदररावांकडं नऊ आणि विरोधातल्या मोहनरावांकडं आठ. बंकट नवांतला नववा. नववा रुसला की सुंदररावांची खुर्ची डुगडुगणार, हा अंदाज काही चुकीचा नव्हता. फक्त कागद भारदस्त दिसावा म्हणून त्यानं वर 'मा. जिल्हाधिकारी साहेब, बीड यांचे सेवेशी' असं लिहिलं, खाली फर्डी सही ठोकली, आणि 'स्वखुशीने व कोणाच्याही दबावाशिवाय' या शब्दांखाली लाल रेघ ओढली. घात झाला तो तिथं.

एरवी काही बिघडलं नसतं. बिभीषणच्या कपाटात गेलेला कागद सहसा पुन्हा उजेड बघत नसे. गावाची ग्रामपंचायत होती तेव्हाचे अर्ज त्यात अजून वाट बघत होते. बंकटचा राजीनामाही तिथं दोनचार वर्षं सुखानं नांदला असता. पण त्या दिवशी बिभीषणच्या मेव्हण्याच्या लेकराचं जावळ होतं, कपिलधारला. सरकारी जीपनं तिकडं जायचं तर बीडचं काहीतरी सरकारी टपाल हातात पाहिजे. बिभीषणनं टेबल धुंडाळलं, तर समोरच जिल्हाधिकाऱ्यांच्या नावाचा, लाल रेघेचा, ताजा कागद. बिभीषणनं तो बीडला पोचता केला, पोच घेतली, तिथून कपिलधार गाठलं, जावळाचं जेवण जेवला, आणि दिवस मावळायच्या आत परत आला. हिंगणटाकळीतून निघालेला कुठलाही कागद इतक्या झपाट्यानं कुठंही पोचल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुंदररावांचा फोन आला.

"बे बंकट, डोकं फिरलं का तुहं? खरंच दिला का राजीनामा?"

"आण्णा, तुमच्यासमोरच तर दिला."

"मला वाटलं तू नुसता वरडायलास!"

"नुसताच वरडलो ना, आण्णा! कागद तिथंच ठिवला व्हता."

"त्यो बीडला पोचला. आता माझ्याकडं आठ आन् त्या मोहन्याकडं आठ. कळतंय का तुला काय करून ठिवलंस?"

बंकट तसाच एसटीनं बीडला गेला. तिथल्या टेबलावरच्या बाईंनी आवक रजिस्टरातली नोंद आणि कागदावरची त्याचीच सही त्याला दाखवली.

"मी मागं घेतो," बंकट म्हणाला.

"इथं पोचला की लागू झाला. मागं घेता येत नाही. सात नंबरची जागा आता रिक्त आहे."

"रिक्त कशी? मी हितं उभा हाय की!"

"तुम्ही आहात हो," बाई शांतपणे म्हणाल्या. "सदस्य नाहीये."

"मग आता ती जागा भरायची कशी?"

"पोटनिवडणूक होईल. तुम्हीसुद्धा उभे राहू शकता," असं म्हणून बाईंनी रजिस्टर मिटलं.

म्हणजे स्वतःच्याच खुर्चीत बसायला बंकटला आता निवडून यावं लागणार होतं. घरी येऊन त्यानं बायकोला हे सगळं सांगितलं. अंजना राखेनं भांडी घाशीत होती. पाण्यावाचून भांडी घासायची म्हणजे आधी राखेनं आणि मग जुन्या धडप्यानं पुसून काढायची.

"म्हंजे आता बाया आपल्या दारात बसनार न्हाईत?" तिनं विचारलं.

"सदस्यच न्हाई म्हनल्यावर कशाला बसतेन?"

"चला," अंजना म्हणाली, "तेवढं तरी बरं झालं."

महिन्याभरात पोटनिवडणूक लागली आणि सात नंबर वॉर्डाचं नशीब एकाएकी उघडलं. जो ही जागा जिंकेल त्याचे नऊ होणार आणि ज्याचे नऊ त्याचं गाव. सुंदररावांनी बंकटलाच उभं केलं. मोहनरावांनी आश्रुबा नावाचा आपला एक माणूस उभा केला. आश्रुबा स्वभावानं गरीब. कशाला उभं केलंय हे त्यालाही नीट माहीत नव्हतं. आणि दोन्ही बाजूंनी वॉर्डात पाणी सुरू झालं.

सुंदरराव तालुक्याच्या दूध संघाचे चेअरमन. जनावरं छावणीत जाऊन आटल्यामुळं संघाचा दुधाचा टँकर रिकामा उभा होता. त्यांनी तो वडवणीच्या बाजूच्या एका विहिरीवर भरून रोज सकाळी सात नंबरात पाठवायला सुरुवात केली. मोहनराव साखर कारखान्यावर संचालक. उसाअभावी कारखान्याचा पट्टा लवकर पडून गाळप थांबलं होतं, म्हणून तिथला मळीचा टँकर मोकळाच होता. तो सिरसाळ्याकडून भरून रोज दुपारी यायला लागला. दुधाच्या टँकरचं पाणी जरासं पांढुरकं असायचं आणि त्यावर साय धरल्यासारखं वाटायचं. त्याचा चहा बिनदुधाचाही गोरा दिसायचा. मळीच्या टँकरचं पाणी तांबूस आणि चवीला गुळचट. त्यानं आंघोळ केली की माणसाच्या मागं मुंग्या लागायच्या. तरी नऊ दिवसांतून एकदा येणाऱ्या टँकरपुढं हे दोन्ही म्हणजे गंगाच.

एक दिवस आचारसंहितेच्या पथकाचे साहेब जीप घेऊन नेमके दुधाच्या टँकरपाशी येऊन थांबले.

"मतदारांना पाणी वाटताय?" साहेबांनी ड्रायव्हरला दरडावलं.

"पानी न्हाई साहेब. टँकरवर काय लिवलंय ते वाचा की. दूध हाय."

साहेबांनी नळाखाली ओंजळ धरली, चाखली आणि थुंकली. "हे पाणी आहे!"

रांगेत बायनाबाई उभी होती. साठीची, काटक, वॉर्डातली सगळ्यांत जुनी मेंढरंवाली. मेंढरं छावणीत पोरांच्या हवाली करून ती घर राखायला गावात राहिली होती. ती पुढं झाली.

"दुधात पानी असनारच की, साहेब. कोन्या गावात नसतंय?"

"अहो, पण यात दूध कुठाय?"

"ते संघाला इचारा. आमी कवा कुरकूर केली का?"

साहेबांनी वहीत 'दुधाची भेसळ, संबंधित खात्याकडे वर्ग' असं लिहिलं आणि ते निघून गेले.

बंकटच्या अंगावर मूठभर मांस चढलं. शेवटी काय, आपल्या राजीनाम्यानंच वॉर्डात पाणी आणलं! तो घरोघर हात जोडत फिरायला लागला. "माय, ध्यान असू द्या. सदस्य व्हतो तवा जे जमलं न्हाई ते सदस्य नसताना करून दावलं," असं तो छाती काढून सांगे. हे वाक्य त्यानं एकदा तरी नीट ऐकायला हवं होतं. त्यानं ऐकलं नाही, बायनाबाईनं ऐकलं.

त्या दिवशी टँकर गेल्यावर तिनं वॉर्डातल्या बायकांना आपल्या ओट्यावर बसवलं.

"बंकट खुर्चीवर व्हता तवा नऊ दिसाला येक टँकर," ती म्हणाली. "खुर्ची रिकामी झाली तवापसून दिसाला दोन. मंग मला सांगा, खुर्ची भरली की काय व्हईल?"

मग एकीनं हळूच उत्तर दिलं, "दोन्ही बंद व्हतेन."

"मंग भरायची कावून?"

बायनाबाई उठली ती थेट नगरपंचायतीत बिभीषणकडं गेली. जागा कशी भरतात हे विचारायला लोक त्याच्याकडं यायचे. जागा भरू नये म्हणून काय करावं, हे विचारणारी ही पहिलीच. बिभीषणला आयुष्यात पहिल्यांदाच आपल्या ज्ञानाला साजेसा प्रश्न भेटला. त्यानं चष्मा पुसला.

"मशीनवर शेवटी एक बटन असतंय, मावशी. 'वरीलपैकी कोणीही नाही.' नोटा म्हनतेत त्याला. त्याला सगळ्यांत जास्त मतं पडली, तर निवडनूक परत घ्यावी लागतीय. तसा आदेशच हाय."

"परत म्हंजे किती दिसानं?"

"महिना-दीड महिना तर लागंलच."

"तवर जागा रिकामी?"

"रिकामी."

बायनाबाईनं पदर खोचला. "दादा, तू लई शिकल्याला हायस," असं म्हणून ती घरी आली.

मग सात नंबरात असा प्रचार झाला, की तसा कुठं झाला नसेल. भोंगा नाही, पत्रक नाही. रांगेत घागर पुढं सरकवता सरकवता एक बाई दुसरीला सांगायची, "सगळ्यात खालचं बटन." बंकट आला की सगळ्या त्याला हळदीकुंकवाला बोलवावं तशा गोड हसायच्या. आश्रुबा आला की त्याला पाणी द्यायच्या, त्याच्याच टँकरचं. दोघांनाही वाटायचं, वारं आपल्याच बाजूनं आहे. मतदानाच्या दिवशी ऐंशी वर्षांच्या साखराबाईनं केंद्रावर जाऊन मोठ्यानं विचारलं, "त्यो वरीलपैकी कोन्या गल्लीतला हाय? मला त्यालाच द्याचंय," आणि मतदान अधिकाऱ्यानं कपाळावर हात मारून घेतला. तेव्हाही बंकटला काही कळलं नाही. त्याला वाटलं, म्हातारी भ्रमिष्ट झाली.

मोजणी अर्ध्या तासात आटोपली. आश्रुबा एकेचाळीस. बंकट अडतीस. वरीलपैकी कोणीही नाही, तीनशे शहाऐंशी.

सुंदररावांना वाटलं, ही मोहनरावांची चाल. मोहनरावांना वाटलं, हे सुंदररावांचंच डोकं. दोघांनी एकमेकांना मनातल्या मनात दाद दिली, आणि दुसऱ्या दिवसापासून टँकरच्या दोनदोन खेपा सुरू केल्या. आश्रुबा त्याच रात्री गाव सोडून छावणीत जाऊन राहिला. त्याचा बैल तिथं होता आणि बैल काही विचारीत नसे.

बंकट मात्र भिंतीला टेकून बसून राहिला. स्वतःच्या वॉर्डात, जिथल्या प्रत्येक घराची मोटार त्यानं कधी ना कधी भरून दिली होती, तिथं अडतीस! सख्खे, चुलत, आतेमामे, शेजारी, उधारीवरचं गिऱ्हाईक, सगळे मिळून साठ तरी व्हायला हवे होते. त्यानं बोटांवर पुन्हा मोजून पाहिलं.

"अंजना," तो म्हणाला, "आपल्या घरातली तरी पडली न्हवं समदी?"

अंजनानं चुलीत काटकी सारली.

"मी काय इचारतोय?"

"तुमचं तुमी टाकलं असंल की," ती म्हणाली.

"आन् तू?"

"खालचं दाबलं."

बंकट ताडकन उठला. "तू? आगं, लग्नाची बायको हायस तू माझी!"

"म्हनून तर," अंजना म्हणाली. "तुमी मेंबर व्हता तवा सा महिने मी डोक्यावरनं न्हाले न्हवते. आता सांगा, चुकलं का माझं?"

बंकटनं दोन दिवस दुकान उघडलं नाही. उघडून तरी काय करणार होता!

इकडं फेरनिवडणूक जाहीर झाली. सात नंबरात उत्सवाचं वातावरण पसरलं. लोकांनी गोधड्या धुतल्या. एकानं तर अंगणात चार मिरचीची रोपं लावली. तेवढ्यात बायनाबाई पुन्हा बिभीषणला भेटून आली आणि तिचा चेहरा उतरला. आदेशात पुढं असंही होतं, की दुसऱ्या वेळेलाही नोटाच पुढं आला, तर त्याच्याखालोखाल ज्याला मतं असतील तो निवडून आला असं समजायचं. म्हणजे ही युक्ती एकदाच चालते. या वेळी खुर्ची भरणार म्हणजे भरणार.

बायनाबाई दोन दिवस आपल्या ओट्यावर खडे मांडत बसली. तिसऱ्या दिवशी सकाळी पाचसहा बायकांना घेऊन बंकटच्या ओट्यावर आली. इतक्या दिवसांनी ओट्यावर बायका बघून बंकट दोन पावलं मागं सरला.

"बंकटा, तू उभा ऱ्हा," बायनाबाई म्हणाली.

"अडतीस मतावर?"

"औंदा सगळी देऊत. पन ह्याच्या बी नाही, त्याच्या बी नाही. मोकळा उभा ऱ्हा."

"आन् निवडून आल्यावर?"

"आल्यावर बी मोकळाच."

बंकटला उमजेना. बायनाबाईनं जमिनीवर दोन्हीकडं आठआठ खडे मांडले आणि मधे एक ठेवला.

"ह्यो मधला तू. ह्यो हिकडं सरकला की तिकडचा टँकर बंद. तिकडं सरकला की हिकडचा बंद. मधेच ऱ्हायला की दोन्ही चालू. आलं का ध्यानात?"

"पन सभेत हात वर करावा लागतोय, मावशी. ठराव असत्यात. बाजूनं का इरोधात?"

"हात मांडीवर ठिवायचे."

"आन् बोलायचं?"

"काय न्हाई."

"मला बोलायचं न्हाई, हात वर करायचा न्हाई, कोन्या बाजूला जायचं न्हाई," बंकट कळवळून म्हणाला, "मंग मी तिथं जाऊन करू काय?"

"बसायचं," बायनाबाई म्हणाली. "मागल्या बारीला आमी कुनीच नको म्हनलं ना? तीनशेशाऐंशी मानसानं निवडून दिल्यालं हाय ते. पन त्या कुनीच-नकोला खुर्चीवर बसता येत न्हाई. म्हनून त्याच्या जागी तू बस."

बंकटनं अंजनाकडं बघितलं. ती दाराच्या चौकटीत उभी होती. अंगावर धुतलेलं लुगडं, केस ओले, पाठीवर सोडलेले. पोळ्यापासून त्यानं तिला अशी बघितली नव्हती.

"बरं," तो म्हणाला.

त्यानं अपक्ष म्हणून अर्ज भरला आणि मग गंमतच झाली. सुंदररावांना वाटलं, बंकट मुळातला आपलाच. गावाच्या तोंडाला नको म्हणून अपक्ष झालाय. मोहनरावांना वाटलं, बंकटनं सुंदररावांना सोडलं म्हणजे तो आपल्याकडं यायला निघालाय. दोघांनीही आपला माणूस उभा केला नाही. शिवाय नोटाच्या हातून पडायला तयार होईल असा माणूस गावात दुसरा सापडतही नव्हता. बंकट बिनविरोध निवडून आला. दोघांनीही त्याच्या गळ्यात हार घातला आणि दोघांनीही त्याच्या कानात एकच वाक्य सांगितलं, "सभेला बघू."

सभा पुढच्याच सोमवारी होती. मोहनरावांनी सुंदररावांवर अविश्वास ठराव आणला होता. ठराव पास व्हायला नऊ हात लागणार होते. सभागृह खच्चून भरलं. सतराच्या सतरा सदस्य हजर होते आणि झोपलेला एकही नव्हता. बंकट आत आला तेव्हा सुंदररावांनी स्वतः उठून त्याच्यासाठी खुर्ची ओढली. मोहनरावांनी आपली पाण्याची बाटली त्याच्यापुढं सरकवली. राजीनामा आपटला त्या दिवशी ज्या लोकांनी मान वर केली नव्हती, ती सगळी माणसं आज त्याच्या दोन हातांकडं बघत होती. हे सगळं बघून बंकटला खूप बोलावंसं वाटलं. दुष्काळाबद्दल, पाण्याबद्दल, सात नंबरच्या बायकांबद्दल. त्यानं दात आवळले आणि दोन्ही पंजे मांडीखाली दाबून धरले.

"ठरावाच्या बाजूने?" पीठासीन अधिकाऱ्यांनी विचारलं.

आठ हात वर गेले. मोहनराव बंकटकडं बघत राहिले.

"विरोधात?"

आठ हात वर गेले. सुंदररावांनी ते दोनदा मोजले.

सभागृह बंकटकडं वळलं. बंकट समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होता. मांडीखाली पंजे बधिर झाले होते.

"बंकट," सुंदरराव आवाज मऊ करून म्हणाले, "तू काही बोलला न्हाईस."

बंकटनं मान हलवली. पण कशासाठी, ते कोणाला कळलं नाही.

"तटस्थ का?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

बंकट गप्प. तटस्थ म्हणणं हेसुद्धा बोलणंच झालं असतं.

कोपऱ्यात बिभीषण कार्यवृत्तान्त लिहीत होता. पेन हातात धरून तो बराच वेळ थांबला. एवढी वर्षं नोकरी झाली, पण या परिस्थितीला नेमका शब्द त्याला कोणत्याही नियमात सापडेना. शेवटी त्यानं खाली वाकून सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'ठरावाच्या बाजूने आठ. विरोधात आठ. वरीलपैकी कोणीही नाही, एक.'

ठराव बारगळला. सुंदरराव वाचले, पण कशानं वाचले आणि किती दिवस वाचले, हे त्यांना कळेना. मोहनराव हरले, पण एकाच हातानं हरल्यामुळं त्यांची आशा सुटेना. सभा संपल्यावर दोघांनीही बंकटला वेगवेगळं बाजूला घेऊन विचारलं, की वॉर्डात पाण्याची काही अडचण तर नाही ना? बंकट दोघांनाही हसला.

तो वॉर्डात पोचला तेव्हा उन्हं कलली होती. बायका रस्त्यातच उभ्या होत्या.

"काय झालं सभेत?" बायनाबाईनं विचारलं.

"काईच न्हाई झालं," बंकट म्हणाला.

"लई ब्येस झालं," बायनाबाई म्हणाली आणि सगळ्या बायका समाधानानं आपापल्या घरी गेल्या.

बंकट ओट्यावर आला. हातांना मुंग्या आल्या होत्या, ते झटकत तो उभा राहिला. अंजना आतून पाणी घेऊन आली. तांब्या नाही, काठोकाठ भरलेली बादली. तिनं ती त्याच्या पायाशी ठेवली. बंकट वाकला, सवयीनं ओंजळभर पाणी घेतलं, एका पायाची टाच ओली केली आणि तेच पाणी दुसऱ्या पायावर निथळवू लागला.

"आसं काय करायलाव?" अंजना म्हणाली. "सगळी वता की."